जसंच्या तसं घर

म्हातारी खाटेवरून उतरली, उजवा तळवा भिंतीला टेकवला आणि जराही न अडखळता थेट पाण्याच्या पिंपापाशी गेली. पेला नेहमीच्या जागी होता. पाणी पिऊन तिने तो उपडा ठेवला आणि भिंतीवरून हात फिरवत परत येऊन बसली. दारात उभ्या असलेल्या लेकाने रोखलेला श्वास सोडला, तो तिला स्पष्ट ऐकू आला.

हे घर तिचं नव्हतं. आल्या दिवशीच तिला ते कळलं होतं.

लेक सुतार होता आणि कामाला पक्का. वस्ती पाडायची नोटीस लागली तेव्हा त्याने नि सुनेने मिळून ठरवलं, की आईच्या कानावर घालायचं नाही. डोळे गेल्यापासून ती त्या एका खोलीच्या आधारावर जगत होती, त्यात काळीज नाजूक. ऐकलं तर हाय खाईल. मग छपराची डागडुजी काढली आहे, असं सांगून तिला लेकीच्या घरी पाठवलं. इकडे वस्तीवर बुलडोझर फिरला. शहराच्या टोकाला नव्या इमारतीत तळमजल्याची खोली मिळाली, तिथे त्याने जुनं घर जसंच्या तसं मांडलं. खाट त्याच अंगाला, शेगडी त्याच कोपऱ्यात, खुंटी त्याच उंचीवर. दाराला उंबरठा नव्हता, तर लाकडाचा घडवून बसवला. मग आईला आणलं.

शेजारपाजारही या नाटकात उतरला. जुन्या घराशेजारची शिंपीण आता याच इमारतीत, पार वरच्या मजल्यावर राहत होती. तरी रोज सकाळी दारात येऊन ती जुन्या गल्लीतल्यासारखीच हाक मारायची. एकदा म्हातारीने सहज विचारलं, की दोन पावलांवरून येतेस, मग एवढी धाप कशाची? वय झालं, असं काहीतरी शिंपीण पुटपुटली. म्हातारीला हसू आवरेना. तिने खोकल्याचं सोंग केलं.

डोळ्यांत धूळ फेकायची, तर आधी डोळे हवेत. तिच्या तळव्यांना कोण फसवणार? जुन्या भिंती, नजर शाबूत होती तेव्हा, तिने स्वतःच्या हातांनी मातीने लिंपल्या होत्या. उन्हं कलली की त्या झोपलेल्या लेकराच्या कपाळासारख्या कोमट लागायच्या. इथल्या भिंती गुळगुळीत आणि सदा गार. वर कुणीतरी खुर्ची सरकवायचं. जुन्या घरावर होता नुसता पत्रा, तिथे वर फार तर मांजर चालायचं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

तरी ती बोलली नाही. पोराने इतक्या मायेने रचलेलं घर एका वाक्यात कसं मोडायचं?

दुपारी डोळा लागला, की दोन्ही घरं एकमेकांत विरघळायची. स्वप्नात भिंत ओली असायची, नुकती लिंपलेली. ती हात टेकवायची आणि हात हळूहळू आत जायचा, मनगट, कोपर, आणि पलीकडे शिंपिणीच्या मशीनची धडधड बोटांना लागायची. मग जाग यायची. हात हवेत असायचा आणि भिंत थंडगार. अशा वेळी तिला लेकाचा राग यायचा, अगदी खराखुरा. घर गेलं याचं दुःख होतंच. पण आपलं घर पडलं आणि आपण मात्र लेकीकडे गप्पा मारत बसलो होतो, हे तिला सहन होत नव्हतं.

त्या रविवारी खोलीत चारपाच माणसं जमली. वस्तीची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई आल्या होत्या. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुनेने वाकून पाहिलं आणि आई झोपल्यात, हळू बोला, असं सगळ्यांना बजावलं.

वकीलबाईंचा प्रश्न साधा होता. खोली पक्की आहे, नळाला पाणी आहे. मग तक्रार नेमकी काय सांगायची?

उत्तर सुताराने दिलं.

"खोलीबद्दल काही म्हणणं नाही, बाई. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही. कपाट उचलतात ना, तसं तिथनं उचललं न् इथं आणून ठेवलं. माणसं आहोत आम्ही. एका शब्दानं तरी विचारायचं."

"मलाही," खाटेवरून आवाज आला.

म्हातारी सावकाश उठून बसली.

"मलाही कुणी विचारलं नाही," ती म्हणाली.

लेक खाटेशी येऊन जमिनीवर बसला. तिने हात पुढे करून त्याचं डोकं शोधलं. केसांत भुसा होता, तो ती बोटांनी झाडत राहिली.

"बरं, आता खरं सांग," ती म्हणाली. "आधी कुठली भिंत पाडली?"

तो खाटेला टेकला.

"खिडकीची."

म्हातारीने मान हलवली. तिचा हात त्याच्या डोक्यावर तसाच होता.

"मग?"