उताणा पडलेला कोळी

कोळी पाळणारा नवरा आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या वाट्याला आला नसेल, तो माझ्या आला. मार्तंड मिरजगावच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. तळहाताएवढा केसाळ कोळी त्यांनी शाळेतून घरी आणला, माझ्या लोणच्याच्या बरणीत सोडला, वर मलमलीचा तुकडा बांधला आणि म्हणाले, "हा माणसांपेक्षा बरा. काही बोलून दाखवत नाही." टोमणा कुणाला होता हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते.

बाहत्तरच्या आषाढात ते गेले. नगरला दवाखान्यात तीन आठवडे होते. आधी जेवण सुटलं, मग कातडी काळवंडली, मग नुसते उताणे पडून राहिले. मी धुतलेले कपडे आणायला गावी आले आणि त्याच दुपारी सगळं संपलं. तोंडात पाणी घालायला मी नव्हते. कुणी घातलं की नाही, तेही कळलं नाही. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नव्हता.

कोळ्याला मात्र मी सांभाळलं. किळस यायची, पण त्यांच्या हातचं एवढंच जिवंत उरलं होतं. शेजारच्या सूर्यभानने तो आपल्या बांधावर पकडून गुरुजींना दिला होता. तोच आठवड्याला नाकतोडे आणून द्यायचा. दुष्काळात नाकतोडेही मिळेनात, तेव्हा झुरळं आणू लागला.

दिवाळी कोरडीच गेली आणि कोळ्याने खाणं सोडलं. झुरळ अंगावरून फिरलं तरी ढिम्म हलेना. पोटावर टक्कल पडलं होतं, ते काळं पडत गेलं. सूर्यभान दुष्काळी कामावर खडी फोडायला परगावी गेलेला. पण विचारायचं तरी काय होतं? हा क्रम मी डोळ्यांनी पाहिला होता.

एका सकाळी पाहिलं, तर तो पांढरं जाळं अंथरून त्यावर उताणा पडला होता. पाय हळूहळू हलत होते.

या वेळी मी कुठे गेले नाही. कोपऱ्यात जमीन सारवली. जन्मात पहिल्यांदा त्याला हात लावला आणि उचलून खाली ठेवलं. एक पाय बोटांत मऊ लागला, ओलसर काहीतरी आलं. तुळशीच्या पानाने तोंडाशी पाणी सोडलं, रामाचं नाव घेतलं. थोड्या वेळाने पाय थांबले. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

संध्याकाळी सूर्यभान कामावरून परत आला. कोपऱ्यात पाहिलं आणि तिथेच बसला. काय काय झालं ते मी सगळं सांगितलं, पाण्याचंही.

"वैनी, त्यो मरत नव्हता. कात टाकीत हुता."

मग त्याने सांगितलं. कात टाकण्याआधी हा खात नाही, पोट काळं पडतं, उताणा होतो. मागल्या वर्षी शाळेत असंच झालं, तेव्हा तो आणि गुरुजी सकाळभर शेजारी बसून होते. गुरुजींनी दारसुद्धा वाजू दिलं नव्हतं.

"आतलं अंग लोन्यावानी असतंय. हात लावायचा न्हाई."

"मी आज घरी नसते तर?" मी विचारलं.

सूर्यभानने कोळ्याच्या तोंडाशी पडलेलं तुळशीचं पान उचललं.

"दुपारच्याला हुबा ऱ्हायला असता," तो म्हणाला.