बुलुलच्या पाठीवरची भेग

"पाठ दाखव त्याची," मी रेमीला म्हटलं.

माझ्या पुतण्याने बुलुल, म्हणजे आमच्या भाताच्या कोठाराचा राखणदार लाकडी देव, निमूटपणे फिरवला. पाठ गुळगुळीत! मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने माझं बोट धरून त्या पाठीवरच्या भेगेवरून फिरवलं होतं. मग ती भेग गेली कुठे? नवरा होता तोवर कोठारात तोच चढायचा. तो गेल्यापासून रेमी. आणि गेल्याच आठवड्यात मनिलाचा एक कॅमेरावाला याच्याशी तासभर कुजबुजत होता. मी काय दुधखुळी आहे?

"खरा देव कुणाला विकलास, मेल्या?"

"मी नाही विकला, काकी."

"मग त्याला काय पाय फुटले?"

तो मूर्ती पुन्हा सरळ करून ठेवू लागला. पोटात पाप असलं की तोंड असंच मिटतं. मला मूलबाळ नाही. डोंगरावरची ही पायऱ्यांची शेती कसायला हा एकटाच उरलेला, बाकीची पोरं शहरात टॅक्सी चालवतात. तरी मी त्याची कपड्यांची पिशवी अंगणात भिरकावली.

बुलुल काखेत मारून मी तडक म्हाताऱ्या पुगुओनकडे गेले. गावातल्या मूर्ती तोच कोरतो. "चार माणसांत सांग, ही नवीन आहे म्हणून."

त्याने मूर्ती नखाने खरवडली. "नवीन कसली? चौदा वर्षांची आहे. माझ्याच हातची."

मी मूर्ती त्याच्या हातून ओढून घेतली आणि पुन्हा पाठ बघितली.

"वादळात तुमचा वरचा बांध कोसळला ते साल आठव," तो म्हणाला. "पन्नास माणसं राबली, रोज भात, वर डुक्कर. कुठून आलं ते? तुझ्या नवऱ्याने खरा बुलुल विकला. रेमीनेच पाठीला बांधून खाली नेला. तुला सांगायचं नाही, अशी आम्हा दोघांना शपथ घातली होती."

आणि मी मेली येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगते, हा जगाचा वारसा आहे, आमचा बांध पूर्वजांपासून तसूभर हलला नाही!

घरी आले तर अंगणात पिशवी नव्हती. बुलुलला जागेवर बसवलं, दरवर्षी रेमी लावायचा तशी त्याच्या ओठांना तांदळाची दारू लावली. चौदा वर्षं यानेच तर राखण केली होती.

मग वर शेतात गेले. पावसाने बांधाला पोट आलं होतं. पिशवी झुडपाला अडकवून रेमी गुडघाभर चिखलात उभा होता, दगड बसवत. मी चिखलात उतरले. एक दगड उचलून पुढे केला.

त्याने वर न बघता तो घेतला, चाचपला आणि परत दिला.

"हा गोल आहे, काकी. चपटा दे."