तीन महिन्यांचं पथ्य

पंकजाने चपला काढल्या आणि तपासणीच्या खोलीतल्या सतरंजीवर ती नुसतीच उभी राहिली.

"मांडी घालून बसा ना," ईरा नावाची तरुण डॉक्टर म्हणाली.

"मला न्हाई चालत मांडी. लहानपनी खुब्याचं आपरेशन झालंय."

"त्यासाठीच तर बोलावलंय तुम्हाला."

तिसऱ्या वर्षी पंकजाचा निखळलेला खुबा नगरच्या याच दवाखान्यात बसवला होता. नंतर दाखवायला यायचं राहिलं ते राहिलंच. आता पस्तीस वर्षांनी, जुन्या पेशंटांचे खुबे कसे टिकलेत ते बघायला दवाखाना फोन करून बोलावत होता.

भिंतीचा आधार घेत तिने एक पाय मुडपला, मग दुसरा. बसली. मांड्या थरथरल्या, पण दुखलं काहीच नाही.

"झकास! मग एवढी वर्षं का नाही बसलात?"

"डॉक्टरांनीच सांगितलं हुतं."

ईराने जुना केसपेपर चाळला. "प्लास्टर काढल्यावर तीन महिने मांडी नको, एवढंच लिहिलंय इथे."

पंकजाला हसू फुटलं, आणि मग ते आवरेना. मांडी नको म्हणजे खाली बसणंच नको, तेही जन्मभर, असा अर्थ आईने लावला होता. लग्नाच्या पंगतीत सगळ्या बायका खाली आणि ही एकटी खुर्चीत, पुढाऱ्यासारखी. बायका खुरपायला गेल्या की ही घर राखायला. दोन स्थळं आली, तीही आईची अट ऐकून चहा पिऊन परत गेली. संतापाने तिची कानशिलं तापली. आज आईला जाब विचारायचाच, असं ठरवून ती उठली.

बाहेर तिची आई, साळूबाई, दाराकडे डोळे लावून बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, लेक दिसताच धडपडत उठली.

"काय म्हनल्या गं? खुबा बिघडला तर न्हाई ना? माझ्याकडून काही कमी पडलं का?"

बोलता बोलता तिचा हात सवयीने पंकजाच्या दंडाला आधार द्यायला गेलाही होता.

पंकजाने तो हात आपल्या हातात घेतला.

"न्हाई आई. लई जपलं म्हनून टिकलं, म्हनल्या."

साळूबाईने पदराने डोळे पुसले. पस्तीस वर्षांचं ओझं उतरल्यागत तिचा चेहरा मोकळा झाला.

"बघ. आता मी आसले-नसले तरी आसंच जपायचं, पंके."

"व्हय," पंकजा म्हणाली.