खोटा फादर हवा आहे

गोंगसाहेब फळं घेऊन आले की मी आधी फळ कोणतं ते बघते. माणूस वाईट नाही. आमच्या मुलीचं, लिडियाचं, अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा तिला पाठीवर घेऊन आमचे पाच मजले उतरणारे तेच होते. पण ते चीनमधल्या आमच्या कॉलेजच्या परदेशी शिक्षक विभागाचे प्रमुख, आणि काही नको ते सांगायचं असलं की आधी टेबलावर फळं ठेवायची त्यांची सवय. पपनस आलं की समजायचं, आमच्या करारातल्या धर्माच्या कलमाची आठवण करून द्यायला आलेत. धर्मप्रचार करायचा नाही, रविवारची प्रार्थना घरातल्या घरात, गाणी म्हणायची तर खिडकी लावून. आम्ही खिडकी लावतो. त्यावर खालच्या मजल्यावरच्या फान आजींनी तक्रार केली होती की खिडकी लावल्यापासून त्यांना नीट ऐकू येत नाही.

आणि आपण काही मागितलं, की त्यांचं उत्तर एकच: "अभ्यास करून कळवतो." आमच्या न्हाणीघरातल्या गीझरचा अभ्यास दोन हिवाळे चालू आहे.

मे महिन्यातल्या त्या सकाळी त्यांनी दुरियन आणलं. एवढं महाग, एवढं घाण वास मारणारं फळ म्हणजे मागणीही तशीच असणार. लिडिया नाक धरून आत पळाली.

"के सर," गोंगसाहेब माझ्या नवऱ्याला, कॉर्नेलियसला, म्हणाले, "माझ्या मुलीचं लग्न आहे. हॉटेलात चर्चचा हॉल केलाय. तुम्ही फादर व्हायचं."

कॉर्नेलियसने चष्मा काढून पुसला. "गोंगसाहेब, मी फादर नाही. मी इंग्रजी शिकवतो. शिवाय आमच्या करारात..."

"म्हणूनच तर! खरा फादर आणला तर माझी नोकरी जाईल. मला खोटा हवाय. आधीचा एक होता, बेलारूसचा, व्यायामशाळेत शिकवायचा. लग्न लावून झालं की गाणंही म्हणायचा. तो आता वुहानला गेला, जलपरीच्या खेळात कामाला."

"पण मी खरा ख्रिस्ती आहे हो."

"तेवढं एक गैरसोयीचं आहे," गोंगसाहेबांनी मान्य केलं. "पण तुम्ही लक्ष ठेवा. देवाचं नाव नको, प्रार्थना नको, आशीर्वाद नको. झगा घालायचा, दोघांना 'स्वीकारशील का?' विचारायचं, संपलं. सरांच्या तोंडून दोन प्रश्न. इंग्रजीच्या पेपरात याहून जास्त असतात."

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाई, व्याह्यांच्या थोरल्या सुनेला लग्नात छतावरून चंद्रकोरीत बसवून खाली सोडलं होतं. माझ्याकडे चंद्र नाही. निदान परदेशी माणूस तरी हवा. माझी लाज राखा." आणि जाता जाता दारात म्हणाले, "जूनमध्ये तुमच्या कराराचं नूतनीकरण आहे. अभ्यास करून कळवतो."

ती धमकी नव्हती, असं कॉर्नेलियसचं म्हणणं. मला मात्र ती धमकीच वाटली. मला इथून जायचं नाही. लिडिया दहा महिन्यांची असताना आम्ही श्यांगयांगला आलो. ती आता अकरा वर्षांची आहे, सकाळी बीफच्या तिखट नूडल्सशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही आणि भांडते ती इथल्या रिक्षावाल्यांसारखी. तिकडे कॅनडात, मॅनिटोबात आमचं घर नाही, फक्त नातेवाईक आहेत. माझं घर हेच, पाचव्या मजल्यावरचं, थंड पाण्याचं.

"घाल तो झगा आणि हो मोकळा," मी नवऱ्याला म्हटलं.

"जस्टिना, मी त्यांना प्रश्न विचारणार. ते उत्तर देणार. मग ते खोटं कसं?"

मी कपाळाला हात लावला. आमचा पंथ मेनोनाइट. आमच्यात शपथ घेत नाहीत, कोर्टातसुद्धा नाही. माणूस हो म्हणाला की हो, त्यावर शपथेची फोडणी लागत नाही. त्यामुळे आमच्याकडची माणसं हो म्हणायला भयंकर वेळ लावतात. याने मला मागणी घातली तेव्हा गहू हिरवा होता आणि मी हो म्हटलं तेव्हा शेतात धसकटं उरली होती. अशा माणसाला कुणी खोटा फादर करतं का?

शेवटी तो तयार झाला, पण एका अटीवर. लग्नाआधी जोडप्याला समोर बसवून बोलायची आमच्याकडे रीत आहे, ती झाल्याशिवाय तो प्रश्न विचारणार नाही. गोंगसाहेब हादरले. मग त्यांनी तोड काढली: "त्याला संभाषणाची शिकवणी म्हणा. शिकवणीला माझी हरकत नाही."

अशी ती शिकवणी आमच्या स्वयंपाकघरात शनिवारी सुरू झाली. मुलगी यूफेई बँकेत, मुलगा बोवेन लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. पहिल्याच दिवशी कळलं की सरकारी नोंदणी गेल्या शरदातच झालीय, लग्नाच्या दाखल्याची लाल पुस्तिका दोघांच्या कपाटात आहे, आणि कायद्याने दोघं केव्हाचे नवरा-बायको आहेत. म्हणजे लग्न झालेलं, चर्च प्लायवुडचं आणि फादर खोटा. मी मनातून खूश झाले. आता याला काय विचारायला उरलंय?

त्याला बरंच उरलं होतं. "रागावलात तर पहिलं कोण बोलतं?" त्याने विचारलं. "घरात कुणाच्या आईचा शब्द चालतो?"

यूफेई पटकन म्हणाली, "याच्या आईचा. नव्या फ्लॅटची किल्लीही त्यांच्याकडे आहे. परवा आल्या आणि माझे आतले कपडे पुन्हा घडी घालून गेल्या."

"आईला घड्या आवडतात," बोवेन म्हणाला.

"मग तिच्याशीच लग्न कर ना!"

"केलंय ना तुझ्याशी! नोंदणी झालीय!"

मी दोघांना डंपलिंग वाढले. कॉर्नेलियस दोघांना म्हणाला, "त्या दिवशी मी विचारीन तेव्हा घाई करू नका. विचार करून हो म्हणा. उगाच म्हटलेलं हो मला नको."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर लाथ घातली, पण वेळ निघून गेली होती.

लग्नाचा हॉल बघून लिडिया म्हणाली, "आई, चर्चच्या मागे मासे आहेत." खरंच होते. प्लायवुडच्या कमानीमागे जेवणातल्या माशांची टाकी होती. झगा बेलारूसच्या पैलवानाच्या मापाचा, पुढे चेन लावलेला. कॉर्नेलियस त्यात उभा होता म्हणण्यापेक्षा राहत होता. पाहुणे नेहमीप्रमाणे जेवत होते, पोरं टेबलांखाली, सूत्रसंचालक माइकमध्ये ओरडतोय, यंत्रातून साबणाचे फुगे निघतायत. पहिल्या टेबलावर कॉलेजातले पक्षाचे सेक्रेटरी साहेब, त्यांच्या शेजारी व्याही-विहीण, आणि कडेला गोंगसाहेबांची बायको लूबाई, जिचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता.

कॉर्नेलियसने बोवेनला विचारलं. तो अंमळ थांबला, मान हलवली, "हो" म्हणाला. मग यूफेईला विचारलं.

यूफेई विचार करायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग जवळच्या टेबलांवर चॉपस्टिक थांबल्या. "वधूला भरून आलंय!" सूत्रसंचालक ओरडला. वधूला काही भरून आलं नव्हतं. ती समोर बघत सरळ विचार करत होती. फुगे येतच होते. एक कॉर्नेलियसच्या चष्म्यावर फुटला, तरी तो तसाच शांत उभा, जसा परीक्षेत पोरांना वेळ देतो तसा. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. हॉल गप्प झाला. चिनी लग्नात एवढी शांतता मी ना आधी ऐकली ना नंतर.

यूफेई बोवेनकडे वळून म्हणाली, "किल्ली."

तेवढंच. पण माइक चालू होता.

बोवेन लालबुंद झाला. मग तो मंचावरून उतरला, पहिल्या टेबलापाशी गेला आणि आईपुढे हात पसरून उभा राहिला. विहीणबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळा हॉल त्यांच्या पर्सकडे बघत होता. शेवटी त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवायला घेतली, आणि ती निघेना म्हणून सेक्रेटरी साहेबांनी दातांनी कडी उघडून दिली.

बोवेन परत आला, किल्ली यूफेईच्या तळहातावर ठेवली.

"हो," ती म्हणाली.

आणि मग सगळे रडायला लागले. वाढपी रडले. सूत्रसंचालक रडला. फक्त विहीणबाई रडल्या नाहीत. त्या मासे यायच्या आत उठून गेल्या. गोंगसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

घरी येताना जिन्यात मला राहवलं नाही. "झालं समाधान? आता विचार तुझ्या मुलीला, मॅनिटोबात कुठल्या शाळेत जाणार ते!" त्याला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण त्याने विचारलं ते चुकलं असं काही तो म्हणेना, आणि खरं सांगायचं तर मलाही म्हणवेना. त्यामुळेच जास्त राग येत होता.

जूनमध्ये गोंगसाहेब आले. हातात पपनस. जूनमध्ये पपनस कुठून पैदा केलं देव जाणे. मी बॅगा आधीच माळ्यावरून खाली काढल्या होत्या. या वेळी मागोमाग लूबाईही होत्या. त्या पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या.

"सेक्रेटरी साहेबांनी विचारलं," गोंगसाहेब खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले, "तो धार्मिक कार्यक्रम होता का?"

"तुम्हीच म्हणालात, खोटा हवा," मी म्हटलं. "देवाचं नाव घेतलं नाही. प्रार्थना केली नाही."

"लोक रडले, मास्तरीणबाई! खोटं असतं तर कशाला रडले असते? सेक्रेटरी साहेब स्वतः रडले आणि म्हणून घाबरलेत. तुमच्या कराराबद्दल माझं मत मागितलंय. आता मी काय मत देऊ? मी म्हटलंय, अभ्यास करून..."

"खिडकी लावा," लूबाई म्हणाल्या.

आवाज घोगरा होता. मी उठून खिडकी लावली.

"आमचं लग्न सूतगिरणीच्या युनियनने ठरवलं," त्या कॉर्नेलियसला म्हणाल्या. "गोड गोळ्या वाटल्या, दोन ब्लँकेटं दिली, दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो. मला कुणी काही विचारलं नाही. यांनाही नाही. तुम्ही विचारा."

"काहीतरीच काय!" गोंगसाहेब उठले. "मुलीचं लग्न झालं आपल्या!"

"बसा."

ते बसले. कॉर्नेलियसने चष्मा पुसला, झगा नव्हता म्हणून स्वेटर सारखा केला, आणि विचारलं. आधी गोंगसाहेबांना. मला वाटलं, आता ते अभ्यास काढणार. पण त्यांनी बायकोकडे पाहिलं. नोकरीत आल्यापासून कुणी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी जागच्या जागी उत्तर दिलं नसेल. पपनस अजून हातातच घट्ट धरलेलं.

"हो," ते म्हणाले. "हो. लिहून घ्या."

मग लूबाईंना विचारलं. लूबाईही विचार करायला लागल्या. खालच्या मजल्यावर फान आजींचा टीव्ही बंद झाल्याचं आम्हाला ऐकू आलं. गोंगसाहेब बायकोकडे असे बघत होते, जसे आम्ही इतकी वर्षं त्यांच्याकडे बघत आलो.

लूबाई उठल्या, चपला घातल्या.

"अभ्यास करून कळवते," त्या म्हणाल्या. "आणि माझं उत्तर येईपर्यंत या माणसांना कुठे जाऊ देऊ नका."