चिंचोक्याएवढा देश

मित्रांनो, माझा अवतार पाहून हसू नका. मी युरोपचा एक जुना, भिंतीवर टांगायचा नकाशा आहे आणि सेलूतल्या एका वह्या-पेनांच्या दुकानात माझं म्हातारपण चाललं आहे. पुढून मी रंगीत कागद, मागून जाड मांजरपाट, वर-खाली दोन लाकडी दांड्या. माझ्या अंगावरचे काही देश आता जगात उरलेले नाहीत. त्याला माझा इलाज नाही. मी छापला गेलो तेव्हा ते होते.

पाथरीच्या एका शाळेत मी एकवीस वर्षं नोकरी केली. नोकरीच म्हणायची, कारण वर्गात व्यंकटराव गुरुजींच्या खालोखाल मान मलाच होता. गुरुजी भूगोल शिकवायचे. मला उलगडलं की त्यांची छडी आधी माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर टेकायची. तिथे माझं प्रमाण छापलेलं होतं. एक सेंटीमीटर म्हणजे पन्नास किलोमीटर. "आधी माप बघा, मंग गावं बघा," असं ते रोज सांगायचे आणि पोरं रोज विसरायची. तास संपला की गुरुजी स्वतःच्या हाताने मला गुंडाळून सुती नाडीने बांधायचे. त्या नाडीची मला अजून आठवण येते.

गुरुजी निवृत्त झाले, भिंतीवर मोठा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. शाळेला खडू आणि वह्या पुरवणाऱ्या सिद्रामप्पांनी मला मागून घेतलं. मला वाटलं, चला, पुन्हा दिवस आले. कसले दिवस! त्यांच्या दुकानावर दुपारचं ऊन यायचं आणि वह्यांची कव्हरं विटायची. त्यांनी मला दारावर आडवा बांधला, तोही उलटा, मांजरपाट रस्त्याकडे. युरोपखंडाचं ताडपत्रीत रूपांतर झालं. पावसाळ्यात मला पोत्यांमागे टाकत. तिथेच एका उंदराने माझा खालचा उजवा कोपरा खाल्ला. नेमका तोच, प्रमाणासकट.

सिद्रामप्पा माणूस वाईट नव्हे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. दरसाल कपिलधारला पायी यात्रा निघते, तिची सगळी आखणी त्यांच्याकडे असते. साठ माणसं कुठे जेवतील, कुठे निजतील, आंघोळीला पाणी कुठे मिळेल, हे त्यांना तोंडपाठ. पंचक्रोशीत त्यांचा शब्द चालतो तो त्यामुळेच. चन्नबसम्माही, म्हणजे त्यांची मालकीण, आधी यात्रेला जायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे धरले. तेव्हा सिद्रामप्पा म्हणाले, "तू थांब घरी, मी येतो जाऊन." त्या थांबल्या. तेव्हापासून यात्रेच्या दिवसांत दुकानाला एक पुठ्ठा लटकतो, 'मालक यात्रेला गेले आहेत. दुकान चालू आहे.' दुकान चालू ठेवायला कोण मागे राहिलं, ते पुठ्ठ्यावर लिहिलेलं नसतं.

त्यांची एकुलती एक लेक त्रिवेणी. ती लक्झेंबर्ग नावाच्या देशात बँकेच्या कॉम्प्युटरचं काम करते. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीत तिने मागे लागून दोघांचेही पासपोर्ट काढून घेतले आणि यंदा फोनवर सांगितलं, "दोघंबी या. बारा दिवस. सगळा देश दाखवते." चन्नबसम्मांनी आपला पासपोर्ट ट्रंकेत, इरकली लुगड्याच्या घडीत ठेवला होता. त्या दिवशी तो काढून त्यांनी पदराने पुसला आणि परत ठेवला.

आता मात्र सिद्रामप्पांना माझी आठवण झाली. पोत्यांमागून मला ओढून त्यांनी काउंटरवर पसरलं, फडक्याने पुसलं, आणि किती वर्षांनी माझं तोंड उजेडाला आलं. चष्मा लावून शोधता शोधता त्यांना लक्झेंबर्ग सापडला. माझ्या अंगावर तो चिंचोक्याएवढा आहे. नावसुद्धा आत मावलं नाही, ते शेजारच्या देशात छापून रेघ ओढलेली आहे.

"ह्यात पेन्शिल कुठं टेकवावी?" ते पुटपुटले आणि त्यांनी मला पालथा घातला. मोबाइलवर त्या देशाचा आकार पाहून खडूने तो माझ्या मांजरपाटावर काढला. चांगला हातभर उंच! त्रिवेणीने पाठवलेली गावं त्यात मांडली. उत्तरेला क्लेर्वो, पूर्वेला एख्टरनाख, किल्ल्याचं व्हियांडेन, आणि अगदी दक्षिणेला नदीकाठचं शेंगेन. ज्या व्हिसासाठी माणसं रांगा लावतात त्याला नाव देणारं हे गाव आपल्या पिंगळीसारखं खेडंच आहे, हे कळल्यावर ते एकटेच हसले.

मग त्यांच्यातला यात्रेकरू जागा झाला. पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम, असे चढत चढत सात मुक्काम झाले. प्रत्येक मुक्कामापुढे पूजेची जागा, पाणी आणि जेवणाची सोय. क्लेर्वोपुढे त्यांनी लिहिलं, 'उतरायला धर्मशाळा आहे का, विचारणे.' सात गावं, सात रात्री, रोज बोचकं बांधायचं आणि रोज सोडायचं. मी काउंटरवर पालथा पडून तळमळत होतो. अप्पा, मला सुलटा करा हो, एकदा चिंचोका बघा! पण माप उंदराच्या पोटात गेलेलं, आणि मला वाचा नाही.

आखणी झाल्यावर त्यांनी वरच्या बाजूला लिहिलं, 'येणारी माणसं.' थोडा वेळ खडू हातात धरून बसले. मग खाली एकच नाव लिहिलं. सिद्रामप्पा. सोमवारी व्हिसाचे कागद भरायला परभणीच्या एजंटाकडे जायचं होतं. एकाचेच कागद जाणार होते.

दुपारी चहा घेऊन चन्नबसम्मा दुकानात आल्या. त्यांनी कपबशी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाचायला वेळ लागतो, पण एकच नाव वाचायचं होतं.

"माझं नाव न्हाई ह्यात," त्या म्हणाल्या.

"तुझ्या गुडघ्यानं सात मुक्काम होतेत का? परमुलखात कुठं अडकून पडलीस तर? मी जातो, सगळं फोनवर दाखवतो तुला."

"लेक काय तुमच्या एकट्याची हाय का?"

सिद्रामप्पांनी चहा फुंकला. गार झाला तरी फुंकत राहिले. चन्नबसम्मांचे डोळे भरले होते. सिद्रामप्पा यात्रेला नको म्हणाले, तेव्हा त्यांनी ऐकलं होतं. हे ऐकायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. त्या माझ्यावर वाकल्या आणि किल्ल्याच्या गावावर बोट ठेवलं.

"हे कोणतं?"

"व्हियांडेन. तिसरा मुक्काम."

"ह्या किल्ल्यावर पोरगी शनवारी न्याहारी करून जाती आन् चहाला घरी असती. मंग तुमचा तिसरा मुक्काम कशापाई?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तिनंच. रोज ह्या टायमाला तिची जेवणाची सुट्टी आसती. रोज बोलती ती माझ्याशी. तुमी गिऱ्हाइकात आसता." मग त्यांचं बोट शेंगेनवर आलं. "आन् हितं ती द्राक्षाचे मळे बघायला आफिस सुटल्यावर जाती. आंधार पडायच्या आत परत."

सिद्रामप्पांना पटेना. देश म्हणजे देश, तो काय वेशीच्या आत मावतो? त्यांनी तिथेच फोन लावला. पलीकडे त्रिवेणी डबा खात होती. मुक्कामांची यादी ऐकून तिला ठसकाच लागला.

"अप्पा, सात मुक्काम? अहो, आपल्या परभणी जिल्ह्यात असे दोन देश बसतील आन् वर जागा उरंल! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वे दोन तासांत जाती. बसला, रेल्वेला तिकीटच न्हाई. मुक्काम एकच, माझ्या घरी. घराला लिफ्ट हाय. आईला वाटलं तर यायचं, न्हाई वाटलं तर पडून राहायचं. आई येणार हाय ना?"

सिद्रामप्पांनी फोन काउंटरवर ठेवला. मग त्यांनी मला सुलटा केला आणि पहिल्यांदाच चिंचोक्याकडे नीट पाहिलं. कुरतडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "माप ह्या कोपऱ्यात आसतंय. तेच गेलं. नकाशानं घोळ केला बघ."

"नकाशाच्या नावानं बिल फाडू नका," चन्नबसम्मा म्हणाल्या. "इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं."

"चुकलंच माझं," ते म्हणाले. मित्रांनो, इतक्या वर्षांत हा शब्द मी त्या दुकानात प्रथमच ऐकला.

मला पुन्हा पालथा घालून त्यांनी ओल्या फडक्याने सातही मुक्काम पुसून टाकले. 'येणारी माणसं' एवढंच ठेवलं आणि खाली आधी चन्नबसम्मांचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. सोमवारी दोघं मिळून परभणीला गेले.

व्हिसा येईपर्यंतच्या दिवसांत चन्नबसम्मांनी पिठाची खळ शिजवली आणि माझ्या कोपऱ्याला कापडाचं ठिगळ लावलं. सिद्रामप्पांनी त्यावर माझं हरवलेलं प्रमाण आपल्या परीने लिहिलं, 'करंगळीची रुंदी, जवळजवळ सेलू ते परभणी.' व्यंकटराव गुरुजी असते तर हसले असते, पण चूक म्हणाले नसते. दारावरचं ऊन अडवायला आता हिरवी जाळी आली आहे. मी आत भिंतीवर आहे, सरळ, तोंड पुढे करून.

मित्रांनो, म्हाताऱ्याचं एवढं ऐका. नकाशा नीट गुंडाळून ठेवा, त्याचा कोपरा जपा. फाटला तरी तो खळीने चिकटवता येतो. पण घरातल्या कुणाचं नाव यादीतून गाळायच्या आधी त्याला एकदा विचारा. तिथे ठिगळ लावायला दरवेळी वेळ मिळतोच असं नाही.

आज दुकानात अंधार आहे. फळ्या लावताना सिद्रामप्पांनी जुना पुठ्ठा काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर नवं लिहिलं. बाहेर लटकवण्याआधी त्यांनी तो चन्नबसम्मांना वाचायला दिला, म्हणून मलाही ऐकू आलं. एकेक अक्षर लावत त्या वाचत होत्या, "दुकान बारा दिवस बंद आहे. दोघंही लेकीकडे गेलो आहोत."