सहीच्या आधीची ओळ

मी लॅपटॉप बोलतोय. नवाकोरा नव्हे, झाकणाचा एक कोपरा उडालेला आणि दोन कळा जोर लावल्याशिवाय न बसणारा.

माझी पहिली सहा वर्षं एका विमा कचेरीत गेली. लोक दिवसभर माझ्याकडे पाहत, पण वाचत क्वचितच. ‘वाचले’ या चौकटीत खूण करायची आणि पुढे सरकायचं, ही माणसांची सवय मी तिथेच पाहिली. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. कचेरीत झाडलोट करणाऱ्या मावशींनी साहेबांना विचारून मला घरी नेलं, लेकीसाठी.

ती लेक म्हणजे माझी मालकीण. ती आणि तिची धाकटी जाऊ इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होत्या. तिथले कागद सगळे दुसऱ्या भाषेत. मालकिणीला अक्षरं लागत, पण अर्थ हाती येत नसे. म्हणून तिने रविवार दुपारच्या ऑनलाइन वाचनगटात नाव घातलं.

गटात चौघंच. शिकवणाऱ्या बाई, गाडी कडेला लावून बसणारा ट्रक ड्रायव्हर, घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि माझी मालकीण. सगळ्यांनी मिळून एक पान वाचायचं. एकाने अडलेले शब्द शोधायचे, एकाने आपल्या शब्दांत सांगायचं, एकाने शंका काढायच्या. बाई उत्तर कधीच देत नसत. म्हणत, “असेलही. पण कुठल्या ओळीवरून म्हणता?”

पहिले दोन महिने मालकीण माइक बंद करून बसायची. शंका काढायची पाळी आली की म्हणायची, “मला सगळं कळलं.” काही कळलेलं नसायचं. मला तिचा चेहरा दिसत होता ना.

एके दिवशी लॉन्ड्रीत डाग काढायच्या द्रावाचा डबा कलंडला. जावेचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हातमोजे कुणालाच कधी दिलेले नव्हते.

आठवड्याने सुपरवायझरने सगळ्यांच्या हाती एकेक कागद ठेवला. “आता हातमोजे मिळणार, असं लिहिलंय. सोमवारी सह्या करून आणा.” मालकिणीने कागदाचा फोटो काढला आणि रविवारी गटासमोर ठेवला. त्या दिवशी तिचा माइक सुरू होता.

ड्रायव्हर म्हणाला, “बरोबर आहे ताई. हातमोजे, कामगार, देणे... सगळे शब्द आहेत की.”

काका डोळ्याला भिंग लावल्यासारखे पडद्याजवळ आले. “शब्द आहेत हो. पण देणार की दिले?”

मालकिणीने ती ओळ मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा, एकेक शब्द सुटा करून. क्रियापदाआधीचा एक इवलासा शब्द ती दरवेळी गिळून टाकत होती. तिथे ती थांबली.

“दिले आहेत,” ती म्हणाली. “आम्हाला हातमोजे दिले होते, असं लिहिलंय. म्हणजे माझ्या जावेने घातले नाहीत, चूक तिची.”

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “खालची ओळही वाचा.” खालच्या ओळीत लिहिलं होतं की सही करणाऱ्याने हे सर्व समजून घेतलं आहे.

सोमवारी मी घरीच होतो. काय झालं ते पुढच्या रविवारी तिने गटाला सांगितलं. तिने सुपरवायझरला एवढंच विचारलं होतं, “मिळणार असं कुठल्या ओळीत लिहिलंय, दाखवता?” तो म्हणाला, “तू कधीपासून वाचायला लागलीस?” तिने कागद सही न करताच परत दिला. तिच्या मागच्या तिघींनीही सही केली नाही. बाकीच्या सातजणींनी केली. त्यांना ती बोल लावत नव्हती. त्यांनाही घर चालवायचं होतं.

महिनाअखेरीस मालकिणीला कामावरून काढलं. घरात दीर चिडला, “वाचून काय मिळवलंस, वहिनी?” पण जावेची तक्रार पुढे गेली तेव्हा त्या चार बिनसहीच्या कागदांमुळेच ती टिकली; हातमोजे मिळाल्याचं चौघींनी लिहून दिलं नव्हतं. उपचार लॉन्ड्रीला करावे लागले. हात मात्र पूर्ववत झाला नाही. दोन बोटं वळत नाहीत. मालकीण आता एका शाळेत जिने पुसते.

माझंही फार उरलेलं नाही. वायर काढली की मी विझतो. परवा दुरुस्तीवाला म्हणाला, “भंगारात द्या.”

पण सध्या रविवारी माझ्यापुढे धाकटी जाऊ बसते. डाव्या हाताने पान सरकवते, अडखळते, मागे येते, पुन्हा वाचते. काल तिने बाईंना पहिल्यांदाच अडवलं, “थांबा, मला हे पटलं नाही.”

भंगारवाल्याला जरूर बोलवा, माझी तक्रार नाही. फक्त तिचं हे पान पुरं होऊ द्या.