झाकण मिटू नये म्हणून

बाबांना हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा माझा लॅपटॉप उघडल्याला तिसरा आठवडा चालू होता.

आमची कंपनी म्हणजे मालक, मी आणि एक पंखा. खाटेशेजारचं यंत्र बोंबललं की ती बोंब त्याच क्षणी सिस्टरच्या फोनवर पोचवायची, असा आमचा प्रोग्राम. हजार यंत्रं एकदम बोंबलली तरी डगमगत नसे. असे प्रोग्राम सर्व्हरवर डीमन म्हणून सोडायचे असतात, म्हणजे पडद्यामागे, कुणी बघो न बघो, एकटे राबत राहणारे. थोरल्या सुनेसारखे, असं बाबा म्हणाले, आणि आईने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आमचा तसा सोडलेला नव्हता. हॉस्पिटलला नमुना दाखवायच्या दिवशी मालक म्हणाले, आत्ता नुसता चालू कर, रीतसर उद्या करू. मी माझ्या लॅपटॉपवरून सर्व्हरला जोडून चालू केला. हॉस्पिटलला तो इतका आवडला की त्यांनी त्याच दुपारी सगळे वॉर्ड त्याच्या गळ्यात घातले. आता प्रत्येक बोंब तो आधी माझ्या स्क्रीनवर छापायचा, मगच पुढे पाठवायचा. स्क्रीन गेली की तोही गेला. लॅपटॉप मिटला की अख्खं हॉस्पिटल बहिरं. थांबवून नीट चालू करायचा तर हॉस्पिटलला सांगायला हवं, आणि आपण कधीच थांबत नाही असं मालकांनी सही करून दिलेलं. झाकण मिटलं तरी झोपू नये अशी एक सेटिंग असते. ती मालकांनी वीज वाचवायला कुलूपबंद केली होती. त्यात बिजागरी ढिली. झाकण धरलं नाही तर आपोआप मिटायचं.

म्हणून मी तो हातांवर उघडा घेऊन फिरायचो. केस कापायलासुद्धा. न्हाव्याने विचारलं, ह्याचेही कापायचेत का. घरी झाकण दोरीने कपाटाच्या मुठीला बांधायचो. बाबा त्याला सूनबाई म्हणायचे. चार्जर लावलेला दिसला की, "सूनबाई जेवतायत, आवाज करू नका."

मग बाबांच्या हृदयाने दगा दिला आणि ते आमच्याच खाटांपैकी एकीवर जाऊन पडले. अकरा नंबर. त्या खोलीत मोबाइलचं नेट पोचत नव्हतं. दार ओलांडलं की जोडणी तुटणार. त्यामुळे आई आत आणि मी बाहेर व्हरांड्यात, खिडकीपाशी. दाराच्या काचेतून बाबा हात करायचे, मी उत्तरादाखल लॅपटॉप थोडा वर करायचो. वॉचमनला एकदा धरायला विनवलं. तो म्हणाला, नातेवाइकांच्या वस्तू सांभाळायची परवानगी नाही. मालकांना फोन केला, बाबाच अकरा नंबरला आहेत, आता तरी हॉस्पिटलला सांगा. त्यांनी बाबांची चौकशी केली, अगदी मनापासून केली, आणि म्हणाले, उद्या.

त्या दुपारी स्क्रीनवर अकरा नंबर उमटला. ऑक्सिजन कमी. माझ्यासमोरच सिस्टरचा फोन वाजला आणि ती धावली. प्रोग्राम उत्तम चालत होता. पुन्हा अकरा. पुन्हा अकरा. डॉक्टर आत गेले. आई बाहेर आली.

"तुला बोलावतायत."

"आणि हे कोण धरणार?"

"मी धरते."

"मग तू बाहेर राहशील, आई."

"जन्मभर आतच होते मी. आण इकडे."

तिने तो दोन्ही हातांनी घेतला, गरम पातेलं घेतात तसा, आणि कुठे बोट लावायचं नाही तेवढं विचारून घेतलं.

बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. सिस्टरने परत लावला. त्यांनी परत काढला आणि माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात रिकामे बघायची त्यांची सवय गेली होती.

"सूनबाई कुठे?"

"बाहेर. आईजवळ."

"सासूजवळ?" त्यांना हसू आलं. "मग कठीण आहे."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. नंतर डॉक्टरांनी जे करतात ते सगळं केलं. मी भिंतीला चिकटून उभा होतो; हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. मग त्यांनी यंत्र बंद केलं.

आईला कसं सांगायचं, याचं एक वाक्य मी दारापर्यंत कसंबसं जुळवत आणलं. ती खिडकीपाशीच होती. झाकण ताठ धरलेलं. तिने मान वर केली नाही.

"अकरा नंबर बंद, असं आलंय," ती म्हणाली. "ते आपलेच ना?"

मी हो म्हणालो. लॅपटॉप घ्यायला हात पुढे केला, आता तू आत जा म्हटलं. तिने लगेच दिला नाही.

"थांब, सात नंबरचं काहीतरी येतंय. ह्यांना आता घाई नाही."

सात नंबरकडे सिस्टर धावत गेलेली दिसली, तेव्हा आई आत गेली. बराच वेळ आत होती. तेवढ्यात मालकांचा फोन आला. त्यांना फार वाईट वाटलं. हवे तितके दिवस घरी राहा, म्हणाले. मग म्हणाले, झाकण तेवढं बघ.

बाबांना खाली नेलं. कागद तयार होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो, झाकणाचा एक कोपरा तिच्या हातात, एक माझ्या. सह्यांसाठी अजून कुणी हाकही मारली नव्हती, तोच स्क्रीनवर ओळ आली : अकरा नंबर जोडला.

"आलं कोणीतरी," आई म्हणाली, आणि माझ्या बाजूने झाकण खाली येत होतं, ते तिने वर केलं.